गरोदरपणातला एलएफटी: नमुना देण्यापासून आकडे वाचण्यापर्यंत

आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईचा एलएफटीचा (लिव्हरच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट हातात आला की घरच्यांची नजर आधी ठळक अक्षरांवर जाते. अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी) ३१०, शेजारी वर जाणारा बाण. मग व्हॉट्सअॅपवर फोटो, डॉक्टरांना फोन आणि रात्रभर घोर. त्याच कागदावर दोन ओळी वर एसजीपीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) ४८ असं साध्या अक्षरांत छापलेलं असतं, तिकडे कुणी बघत नाही. खरं तर डॉक्टरांना विचारण्यासारखा आकडा तोच आहे. ३१० हे बहुतेक वेळा वारेतून आलेलं असतं आणि बाळंतपणानंतर आपोआप उतरतं.

हा घोळ होतो, कारण रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढांची असते. पोटात बाळ असताना रक्तातलं पाणी वाढतं, वार स्वतःची एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) रक्तात सोडते, आणि मशीनला यातलं काही ठाऊक नसतं. बाण कुठे छापायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. तेव्हा रिपोर्ट वाचायचा तर बाणांच्या भरवशावर न राहता महिना आणि लक्षणं शेजारी ठेवून वाचावा लागतो.

१. तपासणी कशासाठी सांगितली, ते विचारून घ्या

गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी येतात. लिव्हरची एन्झाइम त्यात असतीलच असं नाही. काही खासगी पॅकेजांत ती घातलेली असतात. काही त्रास नसताना केलेल्या अशा एलएफटीतून बरेचदा एएलपीचा एक बाण आणि विनाकारण काळजी, एवढंच पदरात पडतं, असं माझं मत आहे.

डॉक्टर मुद्दाम ही तपासणी सांगतात तेव्हा कारण ठरलेलं असतं: न थांबणाऱ्या उलट्या, तळहात-तळपायांची खाज, वाढलेलं बीपी, बरगडीखाली दुखणं, कावीळ, ताप, किंवा लिव्हरवर ताण आणणारं एखादं औषध. कारण कळलं की कोणती एन्झाइम मोजायची तेही ठरतं. बीपीसाठी एलएफटी होत असेल तर सोबत एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) हव्यात. खाजेसाठी होत असेल तर बाईल अॅसिड (पित्तातलं आम्ल) हवं. ते एन्झाइम नाही आणि नेहमीच्या एलएफटीत येत नाही, वेगळं लिहून द्यावं लागतं. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारं तीव्र दुखणं असेल तर अमायलेज आणि लायपेज. ही दोन्ही गरोदरपणात फारशी बदलत नाहीत, त्यामुळे मर्यादेच्या तिप्पट आकडा आला तर स्वादुपिंडाला सूज धरून पुढचा तपास होतो.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईच्या आवश्यक तपासण्या मोफत आहेत, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवता येतं.

२. रक्त देण्यापूर्वी

एसजीपीटी, त्याच्या जोडीचं एसजीओटी आणि एलडीएचसाठी उपाशी राहावं लागत नाही. तुपकट जेवणानंतर आतड्यातून येणारं एएलपी काही जणींच्या रक्तात थोडं वाढतं, विशेषतः ओ आणि बी रक्तगटात. पण वारेच्या एएलपीपुढे ती वाढ किरकोळ आहे. गरोदर बाईला फक्त एलएफटीसाठी सकाळी काही न खाता बोलावून अकरा वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवण्यात अर्थ नाही. साखरेची तपासणी सोबत असेल तर गोष्ट वेगळी. बाईल अॅसिड पूर्वी उपाशीपोटी करत, हल्ली जेवणानंतरचा नमुनाही चालतो. मात्र मर्यादा बदलते. उपाशीपोटी साधारण १० मायक्रोमोल प्रति लिटर, जेवणानंतर १९. म्हणून शेवटचं कधी खाल्लं ते फॉर्मवर लिहून घ्या.

फॉर्मवर गरोदरपणाचे आठवडेही लिहा. "प्रेग्नंट" एवढं लिहून भागत नाही. दहाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्याचं एएलपी एका मापाने मोजता येत नाही.

चालू औषधांची यादी डॉक्टरांना द्या: बीपीसाठी मिथाइलडोपा किंवा लॅबेटॅलॉल, टीबीची औषधं, प्रोजेस्टेरॉन, वारंवार घेतलेलं पॅरासिटामॉल. आणि काढे, चूर्णं, गुळवेल. ही यादी सांगताना बायका "ते आयुर्वेदिक आहे, औषध नाही" म्हणून गाळतात. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, आकडे वाढलेले असताना तुम्ही काय घेताय हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

३. नमुना काढताना

इथे फार वेळ लागत नाही, पण बिघडतं ते इथेच. एलएफटीसाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब, सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) जांभळ्या झाकणाची. आधी लाल-पिवळी भरायची, मग जांभळी. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. एएलपीला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, आणि ईडीटीए नेमकं तेच बांधून ठेवतं. रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं लाल ट्यूबमध्ये ओतलं तर एएलपी आणि कॅल्शियम खोटं कमी येतं, पोटॅशियम खोटं जास्त.

दुसरी अडचण तांबड्या पेशी फुटण्याची. पेशींमध्ये एलडीएच बाहेरच्या द्रवापेक्षा शंभरपटीहून जास्त असतं, एसजीओटीही भरपूर. शीर सापडत नाही म्हणून सुई आत फिरवली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, सुई न काढता रक्त ट्यूबमध्ये जोराने ढकललं, ट्यूब खळखळ हलवली किंवा नमुना कलेक्शन सेंटरवरून दुचाकीवर धक्के खात तालुक्याला गेला, की पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजनंतर वरचा द्रव फिकट पिवळा दिसायला हवा. तो गुलाबी दिसला तर एलडीएच आणि एसजीओटी फुगलेलं येणार.

एरवी असा नमुना सरळ बाद करतात. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागतो. हेल्प सिंड्रोममध्ये (हा गरोदरपणातला एक गंभीर आजार, पुढे सविस्तर येतो) पेशी शरीराच्या आतच फुटत असतात, तेव्हा चांगल्या हाताने काढलेला नमुनाही गुलाबी येऊ शकतो. म्हणून रिपोर्टखाली "नमुना हिमोलाइज्ड" असा शेरा असेल आणि बाईचं बीपी वाढलेलं असेल, तर ताबडतोब दुसरा नमुना काढायचा आणि डॉक्टरांना फोनवर कळवायचं. "उद्या परत या" हे उत्तर चालत नाही.

एलडीएचचा नमुना फ्रिजमध्येही ठेवू नये. थंडीत त्याचा काही भाग निकामी होतो.

४. मशीनमध्ये काय होतं

एन्झाइम किती आहे हे मशीन थेट बघत नाही, ते किती वेगाने काम करतंय ते बघतं. एसजीपीटीसाठी नमुन्यात अॅलानिन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट घालतात. एसजीपीटी त्यातून पायरुवेट बनवतं. रसायनात आधीच घातलेलं दुसरं एन्झाइम त्या पायरुवेटचं लॅक्टेट करतं, आणि ते होताना एनएडीएच नावाचं रसायन खर्च होतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, ते संपत जातं तसा शोषला जाणारा प्रकाश कमी होत जातो. हा उतार जितका तीव्र तितकं एसजीपीटी जास्त. तापमान ३७ अंश. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट.

हे तपशील रुग्णाला कशाला, असं वाटेल. पण यातूनच दोन कामाच्या गोष्टी कळतात. कावीळ जोरात असेल आणि एसजीपीटी हजारांत असेल, तर मोजणी सुरू व्हायच्या आतच एनएडीएच संपून जातं आणि आकडा फसवा कमी येऊ शकतो. चांगलं मशीन तसा इशारा देतं, मग नमुना पातळ करून पुन्हा लावायचा असतो. बाई पिवळीधमक आणि एसजीपीटी ६० दिसलं तर लॅबला फोन करून "डायल्यूट करून बघितलं का?" एवढं विचारावं.

दुसरी गोष्ट एलडीएचची. ते मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि एकीचे आकडे दुसरीच्या जवळपास दुप्पट येतात. एका लॅबची वरची मर्यादा २५० च्या आसपास, तर दुसरीची ४६० पर्यंत. म्हणजे ४५० हा आकडा एका कागदावर नॉर्मल आणि दुसऱ्यावर काळजीचा. आकड्यासोबत त्या लॅबची मर्यादा न सांगता फोनवर नुसतं "एलडीएच ४५०" सांगणं निरर्थक आहे.

५. आकडे वाचताना

एसजीपीटी म्हणजेच एएलटी, एसजीओटी म्हणजेच एएसटी. दोन्ही गरोदरपणात वाढत नाहीत, उलट किंचित कमी होतात. ब्रिटनमधल्या गरोदर बायकांच्या मोजणीतून दोन्हींची वरची मर्यादा ३० च्या आसपास निघाली; एसजीपीटीसाठी ३२. आपल्याकडच्या रिपोर्टवर ४५, ५० किंवा त्याहून वरची मर्यादा छापलेली असते. ४८ म्हणजे लगेच काही भयंकर घडलं असं नाही. पण "गरोदरपणात थोडं वाढतंच" हे एसजीपीटीबद्दल खरं नाही, आणि हे वाक्य मी डॉक्टर-नर्सच्या तोंडूनही ऐकलं आहे. वाढलं असेल तर कारण शोधायचं.

एएलपीची गोष्ट उलटी. वार ते बनवते. पहिल्या तीन महिन्यांत नेहमीसारखंच, मग चढत जाऊन शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट ते चौपट. ४०० पर्यंतचे आकडे धडधाकट बायकांत दिसतात. क्वचित हजारापलीकडे गेल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत लिव्हरबद्दल एएलपी फारसं काही सांगत नाही.

मग जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम बघतात. ते वारेतून येत नाही. एएलपी वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल, तर एएलपी बहुधा वारेचं किंवा हाडांचं. मात्र खाज येत असेल तर जीजीटीवर विसंबू नका. गरोदरपणातल्या कोलेस्टेसिसमध्ये (लिव्हरमधून पित्त नीट वाहत नाही तो आजार) ते बरेचदा नॉर्मलच असतं.

एलडीएच थोडं वाढलेलं चालतं. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) रक्त पातळ झाल्यामुळे कमी येतं, तिथेही बाण छापून येतो, तो सोडून द्या. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) वाढता कामा नये.

६. महिना आणि लक्षणं जोडून बघा

पहिल्या तीन महिन्यांत एसजीपीटी वाढलं आणि बाईला पाणीही ठरत नसेल, तर कारण बहुधा उलट्याच. दवाखान्यात भरती करावं लागलेल्यांपैकी निम्म्या जणींपर्यंत ही वाढ दिसते. आकडा साधारण २००-३०० च्या आत राहतो, सलाइन लागून उलट्या थांबल्या की उतरतो. उतरला नाही तर हिपॅटायटिसचा तपास. डोहाळे म्हणून आठवडाभर घरी थांबणं इथे महागात पडतं. लघवी गडद आणि कमी होत असेल तर दाखवा.

सातव्या महिन्यानंतर खाज सुटली, तीही तळहात-तळपायांना, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ नाही, फक्त खाजवल्याचे ओरखडे, तर ते कोलेस्टेसिस असू शकतं. घरी याला उष्णता म्हणतात आणि खोबरेल तेल लावतात. तेल खुशाल लावा, पण एलएफटी आणि बाईल अॅसिड करून घ्या. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज तशीच राहिली तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा. खाज आधी येते आणि आकडे मागून वाढतात असं बरेचदा होतं. बाईल अॅसिड १०० च्या पुढे गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका ठळकपणे वाढतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणात हे प्रमाण १०० च्या वर सुमारे ३.४ टक्के आणि ४० च्या खाली ०.१३ टक्के निघालं. म्हणून १०० च्या पुढे डॉक्टर ३५-३६ आठवड्यांत बाळंतपण करण्याचा विचार करतात, ४० ते ९९ मध्ये ३८-३९ आठवड्यांत. अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्यांनी खाज थोडी कमी होते. पण खाज कमी झाली म्हणून पुढची तपासणी टाळू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं की प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांना इजा करणाऱ्या आजाराचा, विचार होतो, आणि एसजीओटी-एसजीपीटी मर्यादेच्या दुप्पट झालं की तो गंभीर प्रकारात मोडतो. त्याचंच उग्र रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम. अमेरिकी डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ साली हे नाव दिलं. तीन गोष्टी एकत्र येतात: पेशी फुटल्याने एलडीएच ६०० च्या वर, एन्झाइम दुप्पट, प्लेटलेट एक लाखाच्या खाली. काही जणींत बीपी वाढलेलंच नसतं, त्यामुळे बीपी ठीक म्हणजे सगळं ठीक असं नाही.

आणि लक्षण काय? उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखणं, मळमळ. आपल्याकडे याला पित्त म्हणतात, अँटासिड देतात आणि झोपवतात. सहाव्या महिन्यानंतर असं दुखणं नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या आणि एलएफटी, एलडीएच, सीबीसी करून घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, चेहरा सुजणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काही सोबत असेल तर लॅबच्या वाटेला जाऊच नका. थेट प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. अशा वेळी आकडे दर सहा ते बारा तासांनी पुन्हा बघावे लागतात. सकाळी ७०, रात्री १८० ही चढण एकट्या १८० पेक्षा जास्त सांगून जाते.

शेवटच्या तीन महिन्यांतला अक्यूट फॅटी लिव्हर हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार. इथे एसजीपीटी बरेचदा ३००-५०० एवढंच असतं, म्हणून आकडा बघून निर्धास्त होण्याची चूक होते. सोबत साखर घसरलेली, रक्त गोठायला वेळ लागतोय, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलंय, उलट्या आणि सुस्ती, हे चित्र दिसलं तर उपाय एकच, बाळंतपण लवकर करणं.

पावसाळ्यात महाराष्ट्रात आणखी एक गुंता होतो. डेंग्यूतही प्लेटलेट घसरतात आणि एन्झाइम वाढतात, एसजीओटी बहुधा एसजीपीटीपेक्षा जास्त. लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरियातही असंच काहीसं. ताप आहे की नाही, बीपी वाढलंय की उतरलंय, लघवीत प्रोटीन आहे का, यावरून उकल सुरू होते. तापाचा आजार आणि प्रीएक्लॅम्पसिया एकत्रही असू शकतात.

एसजीपीटी थेट हजारांत आणि डोळे पिवळे, तर बहुधा विषाणूजन्य कावीळ. त्यात हिपॅटायटिस ई ची धास्ती सर्वांत मोठी. तो दूषित पाण्यातून येतो, इतरांना बहुधा आराम करून सुटतो, पण शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार २० ते २५ टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचं दूषित पाणी नळाला येऊन सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई ची होती हे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून कळलं. तेव्हा पावसाळ्यात पाणी उकळून प्या, आणि गरोदर बाईला कावीळ दिसली तर गावठी औषधाला, माळेला किंवा उताऱ्याला एक दिवसही देऊ नका.

७. माहेरी जाताना फाइल सोबत

पहिल्या बाळंतपणाला बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, लॅब बदलते, आणि नेमका हाच काळ प्रीएक्लॅम्पसिया आणि कोलेस्टेसिसचा. नव्या डॉक्टरांपुढे एसजीपीटी ४२ येतं. पाचव्या महिन्यात ते १६ होतं हे त्यांना माहीत असेल तर ते थांबून विचार करतील, नसेल तर पान उलटतील. म्हणून सगळे जुने रिपोर्ट, मर्यादांच्या रकान्यासकट, आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. मोबाइलमध्ये फोटो काढताना उजवा रकाना कापला जातो, तेवढं बघा. माहेरी पोचल्यावर पहिल्या भेटीतच बीपी मोजून घ्या. आणि एका कारणासाठी वारंवार तपासायचं असेल तर एकाच लॅबमध्ये तपासा.

८. बाळंतपणानंतर

कळांमुळे, सिझेरियनमुळे स्नायूंवर ताण येतो आणि एसजीओटी, एलडीएच एक-दोन दिवस थोडं वाढलेलं दिसतं. पण बाळ बाहेर आलं म्हणजे धोका टळला असं धरू नका. हेल्पच्या सुमारे ३० टक्के बायकांत तो बाळंतपणानंतर उघडा पडतो किंवा बळावतो, बहुधा पहिल्या ४८ तासांत. लवकर डिस्चार्ज मागू नका.

सुधारणा होत असेल तर एसजीओटी आधी उतरतं, कारण रक्तात ते साधारण १७ तासांत निम्मं होतं. एसजीपीटीला ४७ तास लागतात. एएलपी काही आठवडे रेंगाळतं. कोलेस्टेसिसची खाज काही दिवसांत जाते, एलएफटी मात्र सहा आठवड्यांनी एकदा करून घ्यावा. तेव्हाही एन्झाइम वाढलेली असतील तर कारण गरोदरपणाच्या बाहेरचं आहे असं धरून पित्ताशयातले खडे, हिपॅटायटिस बी-सी, फॅटी लिव्हर यांचा तपास व्हावा.

आई हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर तिची एन्झाइम नॉर्मल असली तरी बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं. इम्युनोग्लोब्युलिन रुग्णालयात आहे ना, हे नवव्या महिन्यातच विचारून ठेवा. ज्यांना कोलेस्टेसिस झालं त्यांनी गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगावं, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी तीच खाज परतू शकते. पुढच्या गरोदरपणात तर ती बऱ्याच जणींना पुन्हा होते, तेव्हा पहिल्याच भेटीत एक एलएफटी करून फाइलला लावावा.